गुरूच्या ‘आयो’चे धावते दर्शन

पृथ्वीबाहेर धगधगत असलेला पहिला ज्वालामुखी मानवाच्या दृष्टीस पडला तो १९७९ सालच्या मार्च महिन्यात. आणि तोही ज्वालामुखी शोधण्यासाठी न घेतलेल्या एका छायाचित्रात. ‘व्हॉयेजर-१’ हे अमेरिकेचे यान ५ मार्च रोजी गुरू ग्रहाला वळसा घालून पुढे निघून गेले होते. शास्त्रज्ञांना हवी असलेली बहुतेक छायाचित्रे घेऊन झाली होती. ८ मार्च रोजी सुमारे ४५ लाख किलोमीटर अंतरावरून यानाच्या कॅमेऱ्याने गुरूच्या आयो ह्या चंद्राचे आणखी एक छायाचित्र घेतले. त्याचा हेतू एवढाच होता की, आयोच्या पाठीमागे दिसणाऱ्या ताऱ्यांच्या संदर्भाने यानाचा मार्ग अधिक काटेकोरपणे निश्चित करता यावा. मंद तारे उमटावेत म्हणून कॅमेऱ्यावर प्रकाश नेहमीपेक्षा अधिक वेळ पडू दिला होता. साहजिकच आयोची कोर त्यात नुसती पांढरीफटक आली होती.

कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत मार्गनिर्धारणाचे काम करणाऱ्या लिंडा मोराबिटो ह्या तरुण अभियंत्या दुसऱ्या दिवशी हे चित्र पडद्यावर उजळून पाहत होत्या. आयोच्या कडेला छत्रीच्या आकाराचा एक फिकट ढग त्यांना दिसला. आयोच्या मागून दुसरा एखादा चंद्र डोकावत असावा, अशी पहिली शंका आली. पण त्या वेळी त्या जागी कोणताही ज्ञात चंद्र असणे शक्य नव्हते. कॅमेऱ्यातील दोष म्हणावा, तर तसाही पुरावा मिळेना. ढग आयोच्या पृष्ठभागापासून जवळजवळ ३०० किलोमीटर उंच चढला होता आणि आयोवर तर ढग तरंगत राहावेत इतकी दाट हवाच नाही. उरली एकच शक्यता. आयोच्या पोटातून उसळलेला तो ज्वालामुखीचा फवारा होता. हवाई बेटांवरील ज्वालामुखीच्या देवतेवरून पुढे त्याला ‘पेले’ हे नाव मिळाले. आधी घेतलेली चित्रे पुन्हा तपासली गेली, तेव्हा असे एकूण नऊ फवारे आढळले.

एखाद्या गोलाभोवती न थांबता केवळ त्याच्या जवळून निघून जाणाऱ्या यानाला हे असे दर्शन काही तासांचे, कधी काही मिनिटांचेच घडते. तेवढ्या अवधीत चित्र साधले तर साधले. हुकले तर पुढच्या संधीसाठी वर्षेच्या वर्षे वाट पाहावी लागते. आयोच्या बाबतीत हे दोन्ही अनुभव शास्त्रज्ञांनी घेतले आहेत.

पोटातील आग

इटलीचा थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६१० सालच्या जानेवारीत गुरूचे चार मोठे चंद्र दुर्बिणीतून पाहिले. आयो हा त्यांपैकी गुरूला सर्वांत जवळचा. साधी द्विनेत्री दुर्बीण स्थिर धरली, तर आजही तो कोणाला पाहता येतो. त्याला लागणाऱ्या ग्रहणांच्या वेळांचा अभ्यास करूनच रोमर ह्या डॅनिश ज्योतिर्विदाने १६७६ साली प्रकाशाला वेग असतो, असे दाखवून दिले होते. आयोचा व्यास सुमारे ३,६४० किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षा किंचित मोठा. गुरूपासून त्याचे अंतर सुमारे ४,२२,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांमधील अंतरापेक्षा थोडेच अधिक. इतके साम्य असता हा गोलही आपल्या चंद्रासारखाच थंड व मृत असावा, अशी सर्वसाधारण समजूत होती. एवढ्या लहान गोलाच्या पोटातील मूळची उष्णता केव्हाच निघून गेली असली पाहिजे, हे त्यामागील तर्कशास्त्रही चुकीचे नव्हते.

परंतु गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. चंद्राच्या ओढीने आपल्या समुद्राला भरती येते; गुरूच्या ओढीने आयोच्या घन खडकालाच भरती येते. आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार असती, तर हा फुगवटा कायम एकसारखा राहिला असता आणि त्यातून उष्णता निर्माण झाली नसती. तथापि युरोपा व गॅनिमीड हे शेजारचे दोन चंद्र त्याला तसे राहू देत नाहीत. गॅनिमीडच्या एका प्रदक्षिणेत युरोपाच्या दोन व आयोच्या चार प्रदक्षिणा पूर्ण होतात. झोपाळ्याला ठराविक वेळी झोका द्यावा, त्याप्रमाणे ठराविक काळाने बसणाऱ्या ह्या हिसक्यांमुळे आयोची कक्षा किंचित लांबट राहते. त्यामुळे तो गुरूच्या कधी जवळ येतो, कधी दूर जातो आणि प्रत्येक ४२ तासांच्या फेरीत त्याचा पृष्ठभाग सुमारे १०० मीटरपर्यंत वर-खाली होतो. लोखंडी तार भराभर पुढे-मागे वाकवली, की ती हाताला चटका बसण्याइतकी तापते. आयोच्या पोटात अब्जावधी वर्षे हेच चालले आहे.

हे अनुमान चित्रे येण्यापूर्वीच मांडले गेले होते, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक आनंददायक गोष्ट म्हणावी लागेल. स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसेन व रे रेनॉल्ड्स ह्या तिघांचा निबंध ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात २ मार्च १९७९ रोजी, म्हणजे व्हॉयेजर गुरूपाशी पोहोचण्याच्या अवघे तीन दिवस आधी, प्रसिद्ध झाला. आयोचा अंतर्भाग बव्हंशी वितळलेला असावा आणि ज्वालामुखीची चिन्हे यानाला कदाचित दिसतील, असे त्यात म्हटले होते. गणिताने वर्तविलेले भविष्य इतक्या लवकर आणि इतक्या ठळकपणे खरे ठरल्याची उदाहरणे फार नाहीत.

चित्र कसे येते?

अंतराळयान छायाचित्र घेते, असे आपण म्हणतो. पण ते पृथ्वीवर येते ते केवळ आकड्यांच्या रूपाने. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यात दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यासारखी नळी होती. तिच्यावर उमटलेली प्रतिमा ८०० ओळींत व प्रत्येक ओळीत ८०० ठिपके अशी विभागली जाई. प्रत्येक ठिपका किती उजळ, हे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या २५६ पायऱ्यांपैकी एका आकड्याने दर्शविले जाई. अशा रीतीने एका चित्रासाठी एक्कावन्न लाखांहून अधिक द्विमान अंक, म्हणजे शून्य किंवा एक, पाठवावे लागत. गुरूपासून व्हॉयेजर सेकंदाला सुमारे १,१५,००० अंक पाठवू शकत असे. म्हणजे एका चित्रास सुमारे पाऊण मिनिट. संदेशाला पृथ्वीपर्यंत येण्यास लागणारा अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यानंतरचा. त्यामुळे ऐन वेळी पृथ्वीवरून कॅमेरा वळविणे अशक्य असते. कोणत्या क्षणी कोठे पाहायचे, याच्या सर्व आज्ञा यानाच्या संगणकाला आधीच देऊन ठेवाव्या लागतात.

रंगांविषयी येथेच सांगितले पाहिजे. कॅमेऱ्याला रंग कळत नाही. जांभळी, निळी, हिरवी, नारिंगी अशा निरनिराळ्या काचांमधून एकाच दृश्याची चित्रे लागोपाठ घेतात व पृथ्वीवर ती एकमेकांवर बसवितात. व्हॉयेजरपाशी तांबडी काचच नव्हती. नारिंगीवर काम भागवावे लागले. त्यातच तपशील उठून दिसावा म्हणून रंग गडद केले गेले. वृत्तपत्रांतून सर्वत्र झळकलेला तो भडक, नारिंगी-तांबडा आयो काहीसा रंगविलेलाच होता. प्रत्यक्षात आयो फिकट पिवळा आहे. गंधकाचे थर, सल्फर डायऑक्साइडचे पांढरे हिम आणि त्यांमध्ये ज्वालामुखींचे काळे डाग, असे त्याचे खरे स्वरूप आहे.

धावत्या आगगाडीच्या खिडकीतून चित्र काढणाऱ्याला दूरचा डोंगर नीट मिळतो. पण रुळालगतचे झाड फरफटल्यासारखे येते. यानाचेही तसेच. जितके जवळ जावे तितका तपशील अधिक, परंतु तितकेच दृश्य वेगाने सरकते. म्हणून कॅमेरा ज्या फिरत्या चौथऱ्यावर बसविलेला असतो, तो क्षणाक्षणाला मोजून वळवावा लागतो आणि सारे काही घड्याळावर अवलंबून राहते. व्हॉयेजर-१ आयोपासून सुमारे २०,००० किलोमीटरवरून गेले त्या सुमारास किरणोत्सर्गाच्या माऱ्याने त्याच्या यंत्रणेतील वेळेचा मेळ काही सेकंदांनी चुकला. चौथरा फिरत असतानाच झडप उघडली गेली. सर्वोत्तम ठरू शकली असती अशी आयोची व गॅनिमीडची काही चित्रे त्यामुळे पुसट आली.

तरीही जे मिळाले ते अपूर्व होते. आयोवर उल्काघाताचे एकही विवर दिसेना. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर आपल्या परिचयाचे आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा बेसाल्टच्या कातळात उल्काघाताने पडला आणि हजारो वर्षे टिकून राहिला. आपल्या चंद्रावर तर अशी विवरे असंख्य आहेत. आयोवर उल्का पडत नाहीत असे नव्हे. पडलेला प्रत्येक खळगा लाव्हा आणि राख यांखाली झाकला जातो. त्याचा आजचा पृष्ठभाग दहा लाख वर्षांहूनही नवा असावा, असा निष्कर्ष ह्या एका ‘न दिसण्या’वरून काढता आला. चार महिन्यांनी, जुलै १९७९ मध्ये, व्हॉयेजर-२ गेले तेव्हा पेले शांत झाला होता आणि त्याच्याभोवतीच्या निक्षेपांचे घोड्याच्या खुरासारखे कडे लंबवर्तुळाकार होऊन बसले होते. ग्रहगोलांचा भूगोल चार महिन्यांत बदलतो, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अदृश्य पहारा

आयोपर्यंत जाण्यात खरी अडचण अंतराची नसून किरणोत्सर्गाची आहे. गुरूच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात अतिवेगवान विद्युतभारित कण अडकून राहतात आणि आयो त्यांच्या ऐन मध्ये फिरतो. त्यात आयोवरूनच दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य निसटून त्या क्षेत्रात मिसळते. मनुष्य तेथे काही तासही निभावणार नाही. यंत्रेही फार काळ निभावत नाहीत. १९७३ सालच्या डिसेंबरात गुरूला प्रथमच भेट देणाऱ्या पायोनियर-१० ला ह्याचा प्रसाद मिळाला. किरणोत्सर्गामुळे यानात खोट्या आज्ञा निर्माण झाल्या आणि आयोचे योजलेले चित्र गेले. पुढील वर्षी पायोनियर-११ ने एक चित्र मिळविले; त्यात तपशील जवळजवळ नव्हताच.

खरी आशा होती ती ‘गॅलिलिओ’ ह्या यानावर. ते १९८९ सालच्या ऑक्टोबरात निघाले, गुरूभोवती फिरत राहणार होते आणि पोहोचतानाच आयोजवळून अवघ्या ९०० किलोमीटरवरून जाणार होते. पण १९९१ मध्ये त्याची मोठी, छत्रीसारखी अँटेना उलगडलीच नाही. लहान अँटेनावर काम चालवावे लागले आणि तिच्यावरून पुष्कळ सुधारणा करूनही सेकंदाला फार तर १६० द्विमान अंक येत. व्हॉयेजरला पाऊण मिनिट लागे, तसे एक चित्र ह्या वेगाने जसेच्या तसे पाठवायचे तर जवळजवळ नऊ तास लागले असते. त्यामुळे चित्रे आधी यानातील फीतमुद्रकावर साठवून, संगणकाने त्यांचा संक्षेप करून, मग सावकाश पाठवायची असे ठरले. ऑक्टोबर १९९५ मध्ये, गुरू दोन महिन्यांच्या अंतरावर असता, नेमका हा फीतमुद्रकच अडकला. तो पुन्हा चालू झाला खरा. परंतु गुरूच्या वातावरणात उतरणाऱ्या उपयानाची माहिती त्यावर साठवायची होती आणि ती संधी पुन्हा येणार नव्हती. फितीवर अधिक भार टाकण्याचा धोका कोणी पत्करावा? ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ आयोच्या इतक्या जवळून गेले, पण कॅमेऱ्याने एकही चित्र घेतले नाही. निर्णय योग्यच होता, असे आज म्हणता येते. ज्यांनी तो घेतला, त्यांना तो किती जड गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्यानंतर जवळजवळ चार वर्षे गॅलिलिओला आयोपासून दूरच ठेवण्यात आले. तरीही दूरवरून घेतलेल्या चित्रांत १९९७ साली पिलान नावाच्या ठिकाणी सुमारे ४०० किलोमीटर व्यासाचा काळा डाग काही महिन्यांत उमटलेला दिसला. ठरलेले काम पूर्ण झाल्यावर मात्र, आता यान गमावले तरी चालेल, ह्या हिशेबाने १९९९ च्या ऑक्टोबरपासून ते पुनःपुन्हा आयोजवळ नेण्यात आले. आता दहाएक मीटरांचे तपशील दाखविणारी चित्रे मिळू लागली.

त्वष्ट्याची भट्टी

आयोवरील स्थळांना अग्नी, सूर्य आणि लोहारकाम यांच्याशी संबंधित देवतांची नावे देण्याची प्रथा आहे. उत्तर ध्रुवाकडील एका ज्वालामुखी-समूहाला इंद्रासाठी वज्र घडविणाऱ्या वैदिक त्वष्ट्याचे नाव आहे. २६ नोव्हेंबर १९९९ रोजी गॅलिलिओ ३०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा ह्या त्वष्ट्याच्या भट्टीत लाव्हारसाचे कारंजे उसळत होते. त्याची उंची एक किलोमीटरहून अधिक होती. ते इतके तेजस्वी होते की, कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेला विद्युतभार शेजारच्या ठिपक्यांत सांडला आणि चित्रावर पांढरा ओघळ उमटला. सदोष म्हणून बाजूला ठेवावे असे हे चित्र. पण ओघळावरूनच शास्त्रज्ञांनी कारंज्याचा आकार काढला. पुढे २००७ च्या फेब्रुवारीत प्लूटोकडे निघालेले ‘न्यू होरायझन्स’ यान वाटेत गुरूजवळून गेले, तेव्हा त्याच त्वष्ट्यावर सुमारे ३०० किलोमीटर उंचीचा फवारा होता. आठ मिनिटांत घेतलेल्या पाच चित्रांत त्यातील कण चढताना व खाली पडताना दिसतात.

व्हॉयेजरनंतर आयोवरील लाव्हा गंधकाचा की खडकाचा, याविषयी वाद होता. अनेक ज्वालामुखींचे तापमान १,२०० अंश सेल्सिअसच्या वर आढळल्याने तो खडकाच्या बाजूने सुटला. इतक्या उष्णतेत गंधक द्रवरूपात राहू शकत नाही. अमिरानी येथील लाव्हाक्षेत्र ३०० किलोमीटरहून लांब आहे, म्हणजे मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतच्या सरळ अंतराएवढे. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग ज्या काळ्या कातळाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला. सह्याद्रीच्या कड्यांत ते थर पायऱ्यांसारखे दिसतात. एवढे विस्तीर्ण लाव्हालोट मनुष्याने पृथ्वीवर वाहताना पाहिलेले नाहीत. आयोवर ते आज पाहता येतात. दख्खनच्या भूशास्त्राच्या अभ्यासकाला म्हणूनच आयो परका वाटू नये.

जानेवारी २००२ मध्ये गॅलिलिओ शेवटचे आणि सर्वांत जवळून, १०२ किलोमीटरवरून गेले. किरणोत्सर्गाने ऐन वेळी यानाचे काम थबकले व ती चित्रे मिळाली नाहीत. २१ सप्टेंबर २००३ रोजी ते गुरूच्या वातावरणात जाळून टाकण्यात आले.

तापवून बरा केलेला कॅमेरा

त्यानंतर आयोजवळ जाण्याचा योग आला तो ‘जुनो’ ह्या यानाला. गुरूभोवती २०१६ पासून फिरणारे हे यान स्वतःभोवती मिनिटाला दोन गिरक्या घेते. त्यामुळे त्याचा कॅमेरा दृश्य पट्ट्यापट्ट्यांनी टिपतो आणि पृथ्वीवर त्या पट्ट्या जोडाव्या लागतात. तो मुख्यतः सर्वसामान्य जनतेला गुरूचे दर्शन घडावे म्हणून बसविलेला होता. त्याची मूळ चित्रे जशीच्या तशी सर्वांसाठी खुली केली जातात आणि जगभरातील हौशी मंडळी ती जोडून, रंगसंगती साधून सिद्ध करतात.

हा कॅमेरा गुरूच्या निदान आठ प्रदक्षिणा टिकावा, अशी योजना होती. तो चौतीस प्रदक्षिणा उत्तम चालला. सत्तेचाळिसाव्या प्रदक्षिणेपासून चित्रांत रेघोट्या दिसू लागल्या आणि २०२३ च्या अखेरीस, छप्पन्नाव्या प्रदक्षिणेला, जवळजवळ प्रत्येक चित्र बिघडून येऊ लागले. ३० डिसेंबरला तर यान आयोपासून सुमारे १,५०० किलोमीटरवरून जाणार होते. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेला कॅमेरा उघडून पाहणे शक्य नव्हते. तंत्रज्ञांपाशी एकच उपाय उरला होता: कॅमेऱ्याचा तापक पूर्ण शक्तीने चालू ठेवायचा. लोहार पोलाद तापवून सावकाश निवू देतो तेव्हा त्याच्या अंतर्रचनेतील ताण निघून जातात. किरणोत्सर्गाने विस्कटलेली संवेदकाची रचनाही तशीच सावरेल, अशी आशा होती. पहिल्या चाचणी-चित्रांत फारसा फरक दिसला नाही. आयो काही दिवसांवर आलेला असता मात्र चित्रे झपाट्याने सुधारू लागली आणि प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी ती जवळजवळ नव्या कॅमेऱ्यासारखी आली. उत्तर ध्रुवाकडील हिमाच्छादित, उभे तुटलेले पर्वत आणि पूर्वी नकाशावर नसलेले ज्वालामुखी त्यांत दिसले. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी तेवढ्याच अंतरावरून दुसरी भेट झाली. सुमारे २०० किलोमीटर रुंदीच्या ‘लोकी’ ह्या लाव्हासरोवराचा काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग व त्यातील बेटे यांचेही निरीक्षण ह्या भेटींत झाले.

ह्याच दोन भेटींत आयोच्या गुरुत्वाकर्षणामुळे यानाच्या वेगात पडलेला सूक्ष्म फरक मोजला गेला. आयोच्या कवचाखाली सर्वत्र पसरलेला शिलारसाचा उथळ महासागर आहे, असे अनुमान २०११ साली गॅलिलिओच्या चुंबकीय नोंदींवरून मांडले गेले होते. असा महासागर असता, तर भरतीने आयो जितका फुगावा तितका तो फुगत नाही, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले. म्हणजे चारशेहून अधिक धगधगते ज्वालामुखी एकाच उथळ कढईतून भरले जात नाहीत. त्यांचा शिलारस कोठून व कसा वर येतो, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी केवळ आयोकरिता एक यान पाठवावे, असा प्रस्ताव अमेरिकेच्या ‘नासा’ ह्या संस्थेपुढे होता. २०२१ साली तो मागे पडून शुक्राकडे जाणाऱ्या दोन मोहिमांची निवड झाली. २०२३ मध्ये निघालेले युरोपचे ‘ज्यूस’ गॅनिमीडकडे आणि २०२४ मध्ये निघालेले अमेरिकेचे ‘युरोपा क्लिपर’ युरोपाकडे मार्गस्थ झाले आहे. ह्या दशकाच्या अखेरीस व पुढील दशकाच्या आरंभी ती गुरूपाशी पोहोचतील. आयोवरचे फवारे त्यांनाही दिसतील, पण दुरून.